मुलाची साथ, आजाराशी असहकार



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी विद्यार्थ्यांइतकाच वेळ त्यांच्या आईवडिलांनाही दिला, असं त्यांना ओळखणारे सगळेच सांगतात. म्हणून मी आजचा विषय पालकांसाठी निवडला आहे. पण हे पालक शाळेच्या फाटकाशी उभे राहणारे नाहीत. यांची मुलं पंचवीस, तीस, चाळीस वर्षांची आहेत. कुणी इंजिनिअर आहे, कुणी सीएची परीक्षा अर्ध्यावर सोडून घरी बसलं आहे, कुणाचं लग्न झालेलं आहे. आणि या मुलांना ओसीडी आहे.

मी मनोविकार विभागात समाजकार्यकर्ती म्हणून काम करते. आत डॉक्टर मुलाशी बोलत असतात तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेल्या आईवडिलांशी बोलायचं, हे माझं काम. त्या बाकावर मला जे उमगलं ते आज तुमच्यापुढे मांडते. घरांचे जे तपशील सांगेन ते अनेक कुटुंबांतून एकत्र केलेले आहेत, कुणा एकाचे नाहीत.

सांगायची गोष्ट एकच आहे. ओसीडी असलेल्या मोठ्या मुलाला मदत करायची, तर त्याच्या आजाराची कामं करणं आपण थांबवायला हवं, आणि ते थांबवताना त्याचा हात सोडायचा नाही. ही दोन्ही कामं बरोबरीने करावी लागतात. नुसती माया केली तर आजार पोसला जातो. नुसता कडकपणा केला तर मूल एकटं पडतं.

आजार काय आहे

ओसीडी म्हणजे ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर. मराठीत त्याला मंत्रचळ म्हणतात. त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे मनात पुन्हा पुन्हा घुसणारा नकोसा विचार, चित्र किंवा शंका. हाताला काहीतरी लागलंय. गॅस चालू राहिला असेल. मघाशी गाडी कुणाच्या अंगावरून तर गेली नाही? दुसरा भाग म्हणजे त्यातून उठणारी घालमेल शमवण्यासाठी केलेली कृती. हात धुणं, कडी ओढून पाहणं, त्याच रस्त्याने परत जाऊन बघणं, मनातल्या मनात आकडे मोजणं, ठरावीक वेळा देवाचं नाव घेणं, कुणाला तरी विचारून खात्री करून घेणं. हे सगळं रोज तासाहून अधिक वेळ खाऊ लागलं, किंवा त्यापायी शिक्षण, नोकरी, नाती मोडकळीला आली, की त्याला आजार म्हणतात.

ओसीडी म्हणजे स्वच्छतेचं वेड, असा समज आपल्याकडे पक्का आहे. पण हात कधीच न धुणारे ओसीडीचे रुग्णही असतात. काहींच्या मनात स्वतःच्याच माणसाला इजा करण्याची चित्रं येतात. काहींना देवघरात बसल्यावर देवाबद्दलच अभद्र विचार येतात. काहींना लैंगिक विचार छळतात, आणि त्या विचारांची त्यांना स्वतःलाच सगळ्यात जास्त किळस असते. अशी मुलं वर्षानुवर्षं कुणाला काही सांगत नाहीत. बाहेरून ती फक्त गप्प, हळू किंवा चिडकी दिसतात.

आपल्या मुलाच्या मनात असलं काही येतं हे कळल्यावर आईवडील हादरतात. त्यांना मी दोन अभ्यास सांगते. 1978 मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की ज्यांना कुठलाही मनोविकार नाही अशा बहुसंख्य माणसांनाही असे नकोसे विचार येतात, आणि त्यांचा आशय रुग्णांच्या विचारांसारखाच असतो. 2014 मध्ये 13 देशांतल्या 777 विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे 94 टक्के विद्यार्थ्यांना आधीच्या तीन महिन्यांत असा एखादा तरी विचार येऊन गेला होता. म्हणजे गच्चीच्या कठड्याशी उभं असताना ‘उडी मारली तर?’ हा विचार तुमच्या-माझ्याही मनात येतो. आपण तो झटकतो आणि खाली येतो. ओसीडी असलेल्या माणसाला तो झटकता येत नाही. ‘असा विचार आला म्हणजे मी तसाच आहे’ किंवा ‘आता काही झालं तर ते माझ्यामुळे झालं’ असा त्याचा अर्थ त्याच्या मनात बसतो. तेव्हा विचारावरून मुलाचं चारित्र्य ठरवू नका. ज्या विचाराने तो इतका कासावीस होतो, तो विचार त्याच्या मूल्यांच्या विरुद्ध आहे, म्हणूनच तर तो कासावीस होतो.

2015-16 मध्ये निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने देशातल्या 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात प्रौढांमधलं ओसीडीचं प्रमाण शेकडा 0.8 च्या आसपास आलं. महाराष्ट्र त्या 12 राज्यांत नव्हता, पण इथे चित्र फार वेगळं असण्याचं कारण नाही. म्हणजे आपल्या राज्यात अशी काही लाख माणसं आहेत. हा आजार बहुतेकदा किशोरवयात किंवा विशीत सुरू होतो. लाजेपोटी काही वर्षं लपवला जातो. उघडा पडतो तेव्हा मूल कायद्याने सज्ञान झालेलं असतं, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे आईवडिलांच्याच घरात राहत असतं. म्हणून आजार एकाला होतो, आणि दिनक्रम मात्र सगळ्या घराचा बदलतो.

घर आजाराच्या चाकरीला कसं लागतं

सुरुवात फार साधी असते. मुलगी म्हणते, बाबा, बाहेरून आल्यावर सोफ्यावर बसू नका ना. बाबा बसत नाहीत. वर्षभराने बाबा दारातच कपडे उतरवतात, बादलीत टाकतात, सरळ न्हाणीघरात जातात आणि आंघोळ झाल्यावरच पाणी मागतात. दुधाची पिशवी साबणाने धुतली जाते. भाजी तीनदा धुतली जाते. वर्तमानपत्र बंद होतं, कारण ते कुणाकुणाच्या हातातून आलेलं असतं. धुण्याभांड्याच्या बाईंना निरोप दिला जातो. गणपतीत पाहुणे येणं बंद होतं. वन-बीएचकेमध्ये एकच न्हाणीघर, ते सकाळी तीन तास अडलेलं. म्हणून वडील शेजाऱ्यांकडे आंघोळीला जातात, आणि शेजाऱ्यांना ‘नळ बिघडलाय’ असं सांगतात.

दुसऱ्या एका घरात मुलगा बंगळुरूला नोकरीला असतो. सकाळी ऑफिसला निघताना तो व्हिडिओ कॉल लावतो. कुलूप लावताना आईने बघायचं आणि ‘लागलं’ म्हणायचं. मग रिक्षातून फोन येतो, ‘आई, नक्की लागलं होतं ना?’ आई म्हणते, ‘हो रे राजा, मी डोळ्यांनी पाहिलं.’ अर्ध्या तासाने पुन्हा फोन. असाच फोन अमेरिकेतूनही येतो, फक्त तेव्हा आईच्या घड्याळात रात्रीचा एक वाजलेला असतो.

तिसऱ्या घरात शब्दांचाच उपद्रव असतो. ‘माझ्या मनात असं आलं, मी वाईट माणूस आहे का?’ ‘मघाशी मी तुझ्याशी नीट बोललो ना?’ ‘त्या गोळीने मला काही होणार नाही ना?’ आई उत्तर देते. उत्तर ‘नीट’ दिलं नाही असं वाटलं तर पुन्हा द्यायला लागतं, त्याच शब्दांत, त्याच सुरात.

या आईवडिलांना मूर्ख किंवा दुबळं म्हणायची कुणाची हिंमत होऊ नये. पोटचं लेकरू समोर थरथरत असताना एका वाक्याने ते शांत होणार असेल, तर ते वाक्य कोण बोलणार नाही? पण ती शांती टिकते किती वेळ? काही मिनिटं. हा सगळा व्यवहार सावकाराच्या कर्जासारखा आहे. हप्ता भरला की दारातला तगादा तेवढा थांबतो, पण भरलेलं सगळं व्याजात जातं आणि मुद्दल वाढतच राहते. ‘नक्की ना?’ला दिलेलं प्रत्येक उत्तर मुलाच्या मेंदूला एकच गोष्ट शिकवतं. धोका खरा होता, आणि आईने सांगितलं म्हणून तो टळला. पुढच्या वेळी शंका आली की मेंदू पुन्हा आईलाच शोधतो.

1995 मध्ये येल विद्यापीठातल्या लिसा कॅल्व्होकोरेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कौटुंबिक सहभागाची पद्धतशीर नोंद केली. ओसीडीच्या रुग्णांची बहुसंख्य कुटुंबं आजाराच्या कृतींमध्ये कुठल्या ना कुठल्या रीतीने सामील झालेली असतात, असं त्यातून पुढे आलं. नंतर अनेक देशांत हे तपासलं गेलं, बंगळुरूच्या निम्हान्समधल्या ओसीडी क्लिनिकनेही तपासलं. घराचा सहभाग जितका जास्त, तितका आजार तीव्र आणि उपचारांना मिळणारी दाद कमी, असाच कल दिसत आला आहे.

उपचार कशावर चालतो

1966 पर्यंत ओसीडी जवळजवळ असाध्य मानला जाई. त्या वर्षी लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने दोन रुग्णांवर केलेल्या उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्याजवळ रुग्णाला न्यायचं, आणि नंतरची धुण्या-पुसण्याची कृती त्याला करू द्यायची नाही. दोघांनाही चांगला गुण आला. त्यातून पुढे ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’, म्हणजेच ईआरपी ही पद्धत उभी राहिली. आज ओसीडीवरची ती प्रमुख मानसोपचारपद्धती आहे.

ईआरपीत जबरदस्ती नसते. रुग्ण आणि थेरपिस्ट मिळून भीतीच्या पायऱ्या लिहून काढतात. दाराच्या मुठीला हात लावून पाच मिनिटं न धुणं ही कदाचित दुसरी पायरी, आणि लोकलच्या दांड्याला धरून नंतर तसंच जेवणं ही नववी. खालच्या पायरीपासून सुरुवात होते. घालमेल चढते, आणि कृती न करताही हळूहळू उतरते. त्याहून मोठी गोष्ट रुग्ण शिकतो ती अशी, की ‘नक्की’ हे उत्तर मिळालं नाही तरी आपण जगू शकतो, जेवू शकतो, कामाला जाऊ शकतो.

आता विचार करा. मुलगा आठवड्यातून एकदा तासभर थेरपिस्टकडे ही तालीम करतो, आणि उरलेल्या 167 तासांत घर त्याला हवी ती खात्री देत राहतं. तालमीचं काय होणार?

औषधांबद्दल दोन शब्द, कारण बाकावर सगळ्यात जास्त भीती त्यांचीच असते. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुवोक्सामीन, एस्सिटॅलोप्रॅम ही या आजारातली नेहमीची औषधं आहेत. क्लोमिप्रामीन हे त्यांच्याही आधीचं, आजही उपयोगी पडणारं औषध. ही झोपेची औषधं नाहीत आणि त्यांची नशेसारखी सवय लागत नाही. ओसीडीत त्यांची मात्रा नैराश्यात लागते त्यापेक्षा बहुधा जास्त असते, आणि पूर्ण परिणाम दिसायला 10 ते 12 आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून गोळ्या सोडणारे आणि बरं वाटल्यावर दोन महिन्यांत बंद करणारे, असे दोघेही पुन्हा त्याच बाकावर येऊन बसतात. सुधारणा झाल्यावरही किमान एक-दोन वर्षं औषध चालू ठेवायचा सल्ला देतात. ते कमी करायचं तर डॉक्टरांना विचारून, सावकाश.

कडकपणाने काय होतं

सहभाग घातक आहे हे कळल्यावर काही वडील घरी जाऊन पाण्याचा मेन कॉक बंद करतात. काही जण मुलीचा हात धरून तो कचऱ्याच्या डब्याला लावतात. ‘एवढा शिकलास आणि हे कळत नाही?’ असं चारचौघांत विचारतात. हे उपचार नाहीत. रुग्णाला हे पुरेपूर कळत असतं. आपण करतोय ते अतर्क्य आहे हे बहुतेकांना ठाऊक असतं आणि त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त शरम असते. घरातली टीका आणि वैर वाढलं की रुग्ण उपचार सोडण्याची शक्यता वाढते. वादविवादाने ओसीडी हरत नाही, कारण तो पुराव्यावर चालत नाही. जंतू किती असतात, कुलपाची रचना कशी असते, हे समजावून सांगणं हीसुद्धा खात्री देण्याचीच एक लांबलचक पद्धत आहे.

असहकार कसा करायचा

इस्रायलमधले मानसशास्त्रज्ञ हैम ओमर यांनी हट्टी आणि हिंसक वागणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक पद्धत विकसित केली. ती त्यांनी गांधीजी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अहिंसक प्रतिकारावर बेतली. त्यांच्याबरोबर काम केलेले एली लेबोविट्झ येल विद्यापीठात गेले आणि त्यांनी ‘स्पेस’ नावाचा पालकांसाठीचा कार्यक्रम आखला. त्यात मुलाला उपचाराला आणावंच लागत नाही, थेरपिस्ट फक्त आईवडिलांना भेटतो. चिंताविकार असलेल्या 124 लहान मुलांवरच्या चाचणीत या कार्यक्रमाचा परिणाम मुलांना थेट दिलेल्या उपचारांच्या तोडीचा निघाला. ती मुलं 7 ते 14 वर्षांची होती, आणि आपण बोलतोय ते तिशीतल्या मुलांबद्दल, हा फरक मी झाकणार नाही. पण लेबोविट्झ यांनी आईवडिलांवर सर्वस्वी अवलंबून राहिलेल्या प्रौढ मुलांच्या पालकांसाठीही हीच दिशा वापरली आहे. आणि यातलं मूळ तत्त्व मोठ्या मुलांना उलट जास्तच लागू पडतं. तीस वर्षांच्या माणसाचं वागणं आपल्या हातात नसतं. आपल्या हातात असतं ते फक्त आपलं वागणं.

बाकावर मी ते कसं सांगते, ते इथे सांगते.

आधी एक वही करा. आठवडाभर, ओसीडीसाठी आपण काय करतो आणि काय करायचं टाळतो, ते लिहा. आईने वेगळं लिहावं, वडिलांनी वेगळं. बरेचदा आईच्या चार पानांसमोर वडिलांच्या चार ओळी असतात, आणि तिथे त्या घराला पहिल्यांदा कळतं की ओझं कुणाच्या खांद्यावर आहे.

मग त्यातली एकच गोष्ट निवडा. वारंवार होणारी, आणि पूर्णपणे आपल्या ताब्यातली. ‘तू हात कमी धू’ हे आपल्या ताब्यात नाही. ‘कुलूप लागलं का, याचं उत्तर मी दिवसातून एकदाच देईन’ हे आहे. मूल आधीच थेरपी घेत असेल तर ही निवड त्याने, तुम्ही आणि थेरपिस्टने मिळून करावी. ते सगळ्यांत उत्तम.

नंतर मुलाला सांगा. भांडण चालू असताना नाही, शांत वेळी. तोंडाने जमत नसेल तर चिठ्ठी लिहा. चिठ्ठीत तीन गोष्टी असाव्यात. तुला होणारा त्रास खरा आहे. तू तो सोसू शकशील असा आम्हाला विश्वास आहे. आणि म्हणून अमुक दिवसापासून आम्ही अमुक एक गोष्ट करणार नाही. एका वडिलांनी साधारण असं लिहिलं होतं: ‘बाळा, तुला किती जड जातं ते आम्ही बघतो. आजवर तुझ्या प्रत्येक शंकेला आम्ही उत्तर दिलं, त्याने तुझी शंका वाढली. सोमवारपासून कुलपाबद्दल आम्ही एकदाच सांगू. तू रागावलास तरी आम्ही इथेच आहोत.’ हे पुरेसं आहे. अचानक, न सांगता केलेला असहकार मुलाला विश्वासघात वाटतो.

आता पुढचं मन घट्ट करून ऐका. पहिले काही दिवस त्रास वाढेल. प्रश्न दुप्पट होतील, रडणं होईल, आदळआपट होईल, ‘तुम्हाला माझी पर्वाच नाही’ हे ऐकावं लागेल. ही पद्धत चुकल्याची खूण नाही, अपेक्षित टप्पा आहे. या काळात माघार घेऊन उत्तर दिलं तर मूल एवढंच शिकतं की जास्त जोर लावला की उत्तर मिळतं. म्हणून निभवता येईल एवढंच ठरवा, आणि ठरवलेलं निभवा. प्रश्न आला की चिडू नका, उपदेश करू नका. ‘हा प्रश्न ओसीडीचा वाटतोय. याचं उत्तर मी देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते. चहा टाकू?’ एवढं म्हणा आणि खरोखरच जवळ बसा. वाचवलेला वेळ त्याच्याबरोबर कशात तरी घालवा. क्रिकेटची मॅच बघा, भाजी निवडा, फेरी मारून या. आजाराकडून काढून घेतलेलं लक्ष मुलाला परत द्यायचं असतं, नाहीतर घरात फक्त पोकळी उरते.

एकट्याने हे जमत नाही. मामा, आत्या, मोठी बहीण, वडिलांचे जुने मित्र, यांपैकी दोघा-तिघांना विश्वासात घ्या. त्यांनी मुलाला समजवायचं नाही. फक्त फोन करून म्हणायचं, ‘तुझी झुंज मला ठाऊक आहे, आईबाबा करतायत ते तुझ्यासाठीच.’

एक गोष्ट मात्र कधीही ‘नाटक’ समजू नका. ओसीडीत आत्महत्येचा धोका वाढलेला असतो. मूल मरणाची भाषा बोललं, तर त्या क्षणी बाकी सगळे नियम बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांना गाठा. 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी-मदतसेवेचा क्रमांक 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. धोका टळल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने असहकाराकडे परत येता येईल.

सज्ञान मुलाचे अधिकार

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 हा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याप्रमाणे सज्ञान रुग्णाच्या उपचारांची माहिती गोपनीय असते. ‘मी आई आहे, मला सगळं सांगा’ असं म्हटल्यावर डॉक्टर थांबतात, तेव्हा ते उद्धटपणा करत नसतात. पण याच कायद्याने रुग्णाला स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, आणि पुढे आजार बळावला तर उपचार कसे हवेत, कसे नकोत, हे आधीच लिहून ठेवता येतं. मूल बऱ्या मनःस्थितीत असेल तेव्हा त्याच्याशी हे बोला. त्याला विचारा, ‘डॉक्टरांशी आम्ही काय बोललेलं तुला चालेल?’ हा प्रश्न विचारणं म्हणजेच त्याला मोठं माणूस मानणं.

मूल उपचाराला येतच नसेल तर आईवडिलांनी स्वतः समुपदेशकाला भेटावं. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावं लागतं, तेव्हा पॉलिसीचे कागद बाहेर काढा. आजार दीर्घ आणि तीव्र असेल, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या 21 प्रकारांमध्ये मानसिक आजाराचाही समावेश आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर काही सवलती मिळतात. प्रमाणपत्र घ्यायचं की नाही, हा निर्णय मात्र मुलाचाच असावा.

लेक बाळंतपणाला येते तेव्हा

एका प्रसंगावर मला मुद्दाम थांबायचं आहे, कारण त्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ओसीडी नव्याने सुरू होऊ शकतो किंवा वाढू शकतो. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते, म्हणजे हे माहेरच्या डोळ्यांसमोर घडतं. ती सुरी हातात घ्यायला नकार देते. बाळाला आंघोळ घालायला घाबरते. गॅलरीत बाळाला घेऊन जात नाही. रात्री दहा वेळा उठून त्याचा श्वास बघते. खूप खोदून विचारलं तर रडत सांगते, ‘माझ्या हातून बाळाला काहीतरी होईल असं सारखं डोळ्यांसमोर येतं.’

ओसीडी असलेली आई या विचाराने भेदरलेली असते, आणि असा विचार येणं म्हणजे तो कृतीत उतरणं नव्हे. पण घाबरलेली आजी बाळ स्वतःकडे घेते. मालिश, आंघोळ, झोपवणं सगळं आजीच करू लागते आणि लेकीला ‘तू आराम कर’ म्हणते. लेक मनात समजते, ‘म्हणजे आईलाही माझी भीती वाटते.’ इथेही तेच तत्त्व लावायचं. डॉक्टरांना दाखवायचं, आणि आजीने बाजूला बसून बाळ आईच्याच हातात राहू द्यायचं. मात्र लेक भ्रमिष्टासारखी बोलत असेल, कुणाचे आवाज ऐकू येतात म्हणत असेल, झोप पूर्ण उडाली असेल, बाळाला इजा करणं तिला योग्य वाटू लागलं असेल, तर तो वेगळा आणि तातडीचा आजार आहे. तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. हा फरक प्रत्येक आजीला माहीत असला पाहिजे.

आपल्या समाजाचा वाटा

‘लग्न करून द्या, सगळं ठीक होईल,’ हा सल्ला मी रोज ऐकते. लग्न हा ओसीडीवरचा उपचार नाही. ओसीडी असलेली माणसं उत्तम संसार करतात, पण आजार लपवून ठरवलेल्या लग्नात उपचारही लपूनच घ्यावे लागतात, आणि आईने केलेली चाकरी पुढे सुनेच्या किंवा जावयाच्या गळ्यात पडते. समोरच्या माणसाला आधी सांगा, तो त्याचा हक्क आहे.

सोवळ्याच्या आडोशाने हा आजार आपल्या घरांत फार काळ लपू शकतो. धार्मिक नियमाला शेवट असतो. आंघोळ झाली, पूजा झाली, माणूस प्रसन्नपणे उठतो. आजाराला शेवट नसतो, आणि त्यातून प्रसन्नताही मिळत नाही. ही खूण ओळखली तर दहा वर्षं वाचू शकतात.

आणि आईवडिलांनो, हा आजार तुमच्या संस्कारांमुळे झालेला नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे, मेंदूतल्या जोडण्यांचा आहे, आयुष्यातल्या ताणाचाही आहे. घर आजार निर्माण करत नाही, पण तो ओसरायला मदत मात्र नक्कीच करू शकतं. त्यासाठी तुम्ही तगून राहिलं पाहिजे. तुमची झोप, तुमचा रक्तदाब, तुमचं भजनी मंडळ, तुमची सकाळची फेरी, यातलं काही आजाराला देऊ नका. दुसऱ्या मुलालाही विसरू नका. घरातल्या शांततेसाठी त्याने अनेक वर्षं गप्प राहून किंमत मोजलेली असते.

त्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आणखी एक आकडा होता. नैराश्य, चिंता, ओसीडी अशा सर्रास आढळणाऱ्या मानसिक विकारांत सुमारे 85 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. ओसीडीवर उपचार आहेत. ते नीट घेतले तर निम्म्याहून अधिक रुग्णांना चांगला आराम पडतो, आणि उरलेल्यांसाठीही पुढचे मार्ग आहेत. पूर्ण मुक्ती सगळ्यांना मिळत नाही, पण आजार असूनही नोकरी करणारी, प्रेम करणारी, मुलं वाढवणारी माणसं मी रोज बघते.

म्हणून माझी विनंती आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागांत ईआरपी शिकलेले थेरपिस्ट हवेत आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या आईवडिलांशी बोलणारं माणूसही हवं. ही मागणी तुम्ही आपल्या आमदारांकडे, जिल्हा परिषदेकडे करा. शेजारच्या घरात एखादं मोठं मूल दिवसेंदिवस दिसत नसेल तर ‘काय करतो हल्ली?’ असं खोचून विचारू नका, त्याच्या आईला ‘मी बरोबर येऊ का?’ असं विचारा. आणि तुमच्याच घरात असं मूल असेल, तर या आठवड्यात वही आणा, आजाराचं एक काम निवडा, मुलाला सांगून ते बंद करा, आणि त्या संध्याकाळी त्याच्याजवळ बसा.